सोसायटीपुरते मामा

आमच्या धंद्यात नातं लावावं लागतं. भाडेकरूचं आधार कार्ड जातं, पोलिसांकडे माहिती जाते, कराराच्या मशीनवर अंगठा जातो, आणि हे सगळं झाल्यावर सोसायटीचा सेक्रेटरी खुर्चीत मागे रेलून विचारतो, "तुमच्या ओळखीतले आहेत ना?" ओळखीतले म्हटलं की तो आणखी दहा प्रश्न काढतो. नातेवाईक म्हटलं की सही करतो. म्हणून बदलापूर पश्चिमेला ज्या ज्या बिल्डिंगमधले फ्लॅट मी सांभाळतो, तिथे तिथे माझं कोणीतरी राहतं. कुठे साडू, कुठे मावसभाऊ, एका ठिकाणी बायकोच्या काकूची सून. बायको म्हणते, "माझं अख्खं माहेर तुम्ही बदलापुरात भाड्याने लावलंत." सेक्रेटऱ्यांना हे माहीत नसतं असं नाही. उद्या काही भानगड झाली तर कोणाच्या दारात जायचं, एवढंच त्यांना हवं असतं.

फ्लॅट सांभाळणं म्हणजे काय, ते सांगतो. बदलापुरात घर घेतलेली पुष्कळ माणसं बदलापुरात राहत नाहीत. कोणी मुलुंडला, कोणी पुण्याला, एकजण मस्कतला. त्यांच्या चाव्या माझ्या गाळ्यात खिळ्यांना टांगलेल्या असतात. भाडेकरू मी आणायचा, करार मी करायचा, गिझर बंद पडला तर माणूस मी पाठवायचा, भाडेकरू गेला की रंग मी काढून घ्यायचा. मालक वर्षातून एकदा येतो, बाल्कनीत उभा राहून डोंगर बघतो, "हवा चांगली आहे हं," म्हणतो आणि जातो.

मी उल्हासनगर कॅम्प तीनचा. जीन्सच्या कारखान्यात धागे कापण्यापासून सुरुवात केली. पुढे त्याच शेठच्या दुकानात माल विकायला उभा राहिलो. घासाघीस तिथे शिकलो, सिंधी हिशोबाने बोलायलाही तिथेच. मग शेठच्या एका मेहुण्याचा अंबरनाथचा ब्लॉक भाड्याने लावून दिला आणि कपड्यातून घरात आलो. मला कोणी काही दिलेलं नाही. तोंड चालवलं, डोकं चालवलं, आणि डोकं लवकर तापतं ही माझी ख्याती आहे. प्लंबरपासून वकिलापर्यंत सगळे मला भिऊन असतात आणि ते मला आवडतं.

ज्याच्यापायी मी हे लिहितोय तो मालक मुलुंडचा डॉक्टर. एकाच बिल्डिंगमध्ये त्याचे तीन फ्लॅट होते, तिन्ही माझ्याकडे. गॅलरीच्या जाळ्या मी बसवल्या, गळती मी काढली, लॉकडाऊनमध्ये भाडं थकवून बसलेल्या माणसाशी दारात भांडलो तो मी. एक दिवस त्याच्या पहिल्या मजल्यावरच्या भाडेकरूने मला पेढे आणून दिले. म्हणाला, "दादा, फ्लॅट आम्हीच घेतला." मी आणलेला भाडेकरू, मी दाखवलेलं घर, आणि सौदा परस्पर. डॉक्टरला जाऊन विचारलं तर म्हणाला, "अरे, त्यात तुझं काय काम होतं? घरातल्या घरात झालं." मी त्याच्या टेबलासमोर उभा होतो. बाहेर आल्यावर मुद्दाम त्याला फोन लावला, दवाखान्याच्या दाराच्या काचेतून बघत. टेबलावरच्या मोबाईलवर नाव आलं ते मी वाचलं: चावीवाला बदलापूर. त्याने उचलला नाही.

ते नाव माझ्या डोक्यातून गेलं नाही. पुढे जे केलं त्याचं कारण ते, असं मी स्वतःला खूप दिवस सांगत होतो.

गेल्या वर्षी त्याच डॉक्टरच्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटसाठी एक बाई गाळ्यात आल्या. अंबरनाथच्या औषधाच्या कंपनीत प्रयोगशाळेत होत्या. नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या, मूल नाही, बरोबर वडील. तोवर उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये एका खोलीत राहत होत्या आणि मालकाला ती खोली पाडायची होती. बाईंनी सगळं सरळ सांगितलं. भाव केला नाही. भाव न करणाऱ्या गिऱ्हाइकाचा मला संशय येतो, म्हणून मीच खोदून विचारलं.

त्या म्हणाल्या, "बाबांना विसरायला होतं. फार नाही, पण होतं. तुम्हाला आधीच सांगते, नंतर तक्रार नको. त्रास ते कोणाला देत नाहीत. फक्त एक गोष्ट. त्यांच्यासमोर गावाचं नाव काढू नका."

"कुठलं गाव?"

"मुरबाडकडे. घर चुलतभावांनी घेतलं, पाडून बंगला बांधला. बाबांना ते पटलेलं नाही आणि लक्षातही राहत नाही. गावाचं नाव निघालं की त्यांना लगेच जायचं असतं. मग झोप नाही, जेवण नाही. दारापाशी बसून राहतात. मागच्या वेळी सावरायला दोन महिने गेले."

मी म्हटलं, "ताई, इथे त्यांच्याशी गावाचं बोलायला आहे कोण?"

त्या बिल्डिंगचे सेक्रेटरी सरकारी कारखान्यातून सुपरवायझर म्हणून निवृत्त झालेले. सगळ्या बिल्डिंगकडे ते कारखान्याचं खातं असल्यासारखं बघतात. म्हणाले, "एकटी बाई नको. मागे एका बिल्डिंगमध्ये काय झालं माहितीय ना?"

मला माहीत नव्हतं, त्यांनाही नसावं. मी म्हटलं, "साहेब, एकटी कुठे? वडील आहेत बरोबर. आणि वडील म्हणजे माझे मामा. आईचे सख्खे भाऊ."

"तुमचे मामा? मग आधी बोलायचं ना."

जिन्यात बाई म्हणाल्या, "असं खोटं कशाला?" मी म्हटलं, "ताई, घर हवंय ना? सोसायटीपुरते मामा. तुम्ही फक्त चारचौघांत मला अहो-जाहो करू नका." त्या हसल्या. त्यानंतर गेटपाशी भेटलो की त्या "काय रे दादा" म्हणायच्या आणि गाळ्यात आल्या की "अहो दादा". दोघांनाही त्याची गंमत वाटायची.

एकाच माणसाला ते खोटं खरं वाटलं. म्हाताऱ्याला. सामान लावायच्या दिवशी सेक्रेटरी त्यांना म्हणाले, "भाचा कामाचा आहे हो तुमचा." म्हाताऱ्याने मला खालून वर बघितलं आणि विचारलं, "आक्काचा का तू?" मी म्हटलं, "हो." तेव्हापासून मी त्यांचा भाचा. मुलीचं नाव कधीमधी चुकायचं, माझं नातं नाही चुकलं.

बाई सकाळी आठला निघायच्या. दुपारी जेवण वाढायला एक मावशी यायच्या. मधल्या वेळेत शेजारणीचं लक्ष असायचं, आणि बाईंच्या सांगण्यावरूनच मीही माझ्याकडच्या चावीने दार उघडून एक चक्कर टाकायचो. मी दारात हाक द्यायचो, "मामा, येऊ का?" आतून उत्तर यायचं, "ये ना, तुला काय विचारायचं?" मी हाक न देता कुठल्याच भाडेकरूच्या घरात शिरत नाही. हा माझा नियम आहे. या भाड्याच्या धंद्याला शाळा नाही की परीक्षा नाही. नियम आपले आपण करायचे. हाक दिल्याशिवाय शिरायचं नाही. एका घरातली गोष्ट दुसऱ्या घरात न्यायची नाही. कराराच्या मुदतीत कोणाला हलवायचं नाही. बाकीचे एजंट हसायचे. मला या नियमांचा अभिमान होता, ते मी लोकांना ऐकवायचो पण.

म्हातारे त्या घरात रुळायला चार-पाच महिने लागले. सुरुवातीला पहाटे उठून स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात लघवीला बसायचे, कारण कॅम्प चारच्या खोलीत मोरी तिथे होती. बाई न बोलता पुसून काढायच्या. मग हळूहळू पायांना कळलं: खाटेवरून उतरायचं, भिंतीला हात लावायचा, भिंत संपली की डावीकडे संडास. एकदा माझ्यासमोर ते असे गेले, आतून कडी लावली, बाहेर आले आणि मला म्हणाले, "काय बघतोस? संडास बघितला नाहीस का कधी?" बाई घरीच होत्या त्या दिवशी. ओट्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या थोडा वेळ.

या वर्षी डॉक्टरचा फोन आला. स्वतःहून, आणि आवाजात साखर.

"दुसऱ्या मजल्याला गिऱ्हाईक आलंय. चांगलं आहे. पण त्यांना रिकामा हवा, लगेच."

मी म्हटलं, "करार चालू आहे, डॉक्टरसाहेब. अजून बरेच महिने आहेत."

"ते मला माहीत आहे. म्हणून तर तुला सांगतोय. त्यांनी स्वतःहून सोडलं तर प्रश्नच येत नाही. आणि हे बघ, या वेळी सौदा तुझ्यातर्फे, दलाली तुलाच. मागचं डोक्यात ठेवू नकोस."

मागचं डोक्यात होतं हे त्याला माहीत होतं, आणि तेच त्याने वापरलं. मी घासाघीस करणारा माणूस, मला हे दिसत होतं. तरी फोन ठेवल्यावर पहिला विचार आला तो असा की आता सौदा माझ्या टेबलावर होणार आणि तो समोर बसणार.

बाईंना गाळ्यात बोलावून नीट विचारलं. दुसरं घर बघून देतो, दलाली घेणार नाही, टेम्पोचा खर्च मालकाकडून काढतो. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "नको."

"ताई, घर याच्याहून मोठं देतो."

"मोठं नको. दादा, तुम्ही बघितलंय ना ते कसे शिकले? नवीन घरात पुन्हा पहिल्यापासून. आता शिकतील याची खात्री नाही. बाबांचे डॉक्टर म्हणाले, जेवढं येतंय तेवढं टिकवा. एकट्याने संडासला जाता येतं, तेवढं एकच राहिलंय त्यांच्याकडे. करार आहे ना आपला? मुदतीपर्यंत तरी राहू द्या. तुम्हीच म्हणाला होतात, ताई, तुम्ही सोडाल तेव्हाच सुटेल."

म्हटलं होतं मी. सगळ्यांनाच म्हणतो. पण मी लिहिलेला करार माझ्याच तोंडावर कोणी वाचून दाखवला की माझं डोकं सरकतं. मी म्हटलं, "कायदा मला शिकवू नका." त्या उठल्या आणि "नाही शिकवत, दादा," एवढंच म्हणून गेल्या. त्या भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. भांडणात मी कोणाला हरत नाही, आणि हरवलं की माझा राग उतरतो.

दुसऱ्या दिवशी चक्कर टाकायला गेलो. हाक दिली, आत गेलो. म्हातारे खाटेवर बसून टॉवेलाच्या घड्या घालत होते. मी बाजूला बसलो. हे जे पुढे सांगतोय ते रागाच्या भरात झालं असं म्हणायला मला आवडलं असतं. पण मी राग आला की उभा राहून बोलतो. त्या दिवशी मी बसलो होतो आणि आवाज खाली ठेवला होता.

मी म्हटलं, "मामा, गावाला जायचं नाही का?"

त्यांचे हात थांबले. "कोणत्या?"

"आपल्या. मुरबाडकडे."

त्यांनी हातातला टॉवेल खाटेवर ठेवला. मग म्हणाले, "भात कापून झाला असेल रे."

"मग? इथे काय करताय? हे घर आपलं थोडंच आहे?"

"नाही ना," ते म्हणाले. "मी हिला सांगतो, आपलं नाही हे."

"सांगा तिला. रोज सांगा. तिने हो म्हटलं की मी गाडी आणतो."

मी तीनदा गेलो त्या आठवड्यात. तिसऱ्यांदा मला काही बोलावंच लागलं नाही. खाटेखाली पिशवी भरलेली होती. त्यात एक धोतर, साबणाची वडी, टीव्हीचा रिमोट आणि स्टीलचा तांब्या. मला बघून म्हणाले, "भाच्या, गाडी आणलीस?" मी म्हटलं, "आणतो. ती हो म्हणू दे."

मुलगी भाडेकरू, बाप तिचा, आणि मी दोघांच्या मध्ये बसून सौदा फिरवत होतो. कपड्याच्या दुकानात जोडप्यातल्या बाईला पटत नसेल तर मी पुरुषाशी बोलायचो, पुरुषाला पटत नसेल तर सासूशी. तीच सवय.

बाई आठवड्यानंतर गाळ्यात आल्या तेव्हा डोळे सुजलेले होते. म्हणाल्या, "दादा, बाबा गावाचं घेऊन बसलेत. मी घरी आले की सुरू. दारापाशी पिशवी घेऊन बसतात. काल मला म्हणाले, तू मला कोंडून ठेवलंस. शेजारच्यांनी ऐकलं. कुठून आलं डोक्यात कळत नाही. मावशींना विचारलं, टीव्हीवर काही लागलं होतं का ते विचारलं."

मी पाणी दिलं. आणि म्हटलं, "वयच तसं असतं, ताई. या घराला कंटाळले असतील. जागा बदलून बघा, कदाचित शांत होतील."

हे वाक्य मी बोललो. पिशवी मी भरायला लावली याहूनही मला ते वाक्य जास्त टोचतं, कारण ते बोलताना माझा आवाज खरंच मायेचा होता. विकताना माझा आवाज तसाच होतो.

त्या म्हणाल्या, "असेल तसं." आणि गेल्या. मी डॉक्टरला फोन करून सांगितलं, होईल. तो म्हणाला, "तू आहेस म्हणून." मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, घरी जाताना मी जिलबी घेतली.

दोन दिवसांनी त्या पुन्हा आल्या. या वेळी बसल्या नाहीत. गाळ्यात एक गिऱ्हाईक होतं, ते जाईपर्यंत दारात थांबल्या.

"बाबा म्हणतात, भाचा गाडी आणणार आहे. मी हो म्हटलं की."

मी म्हटलं, "अहो ताई, त्यांचं काय घेऊन बसलात..."

"तुम्ही सांगितलंत?"

"मी सहज विचारलं, गाव कुठलं."

"सहज नाही, दादा. पहिल्याच दिवशी मी तुम्हाला एकच गोष्ट सांगितली होती. भाड्याबद्दल काही म्हटलं नाही, डिपॉझिटबद्दल नाही. एकच."

मला चार उत्तरं सुचली. म्हाताऱ्याच्या बोलण्यावर काय जाता, हे एक. मालकाचा दबाव होता, हे दुसरं. मी एकही बाहेर काढलं नाही. त्या म्हणाल्या, "डॉक्टरांना सांगा, महिनाअखेरीला खाली करते. हे घर असो की दुसरं, ते आता दारापाशीच बसणार. मग ते घर धरून ठेवून करू काय?"

जे हवं होतं ते मिळालं होतं. सौदा झाला की मी पंख्याखाली पाय पसरून बसतो. त्या दिवशी मी शटर अर्धं ओढून आत उभा राहिलो. त्या पायरी उतरून शेअर रिक्षाच्या रांगेत उभ्या राहिलेल्या मला दिसत होत्या. पुढच्या माणसाने जागा दिली तरी त्या बसल्या नाहीत. त्यांचं लक्षच नव्हतं.

त्याच बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर, बरोबर त्यांच्या डोक्यावर, पुण्याच्या एका मालकाचा फ्लॅट माझ्याकडे रिकामा पडून होता. नकाशा तोच. भिंत संपली की डावीकडे संडास. तुम्ही म्हणाल, हे आधी का सुचलं नाही. सुचलं होतं. डॉक्टरचा फोन आला त्याच दिवशी सुचलं होतं. पण एका कंपनीला तो माणसं उतरवायला हवा होता, भाडं जास्त येणार होतं, आणि मी त्यांच्याशी बोलणी लावून ठेवली होती. म्हणून तो फ्लॅट मी मोजलाच नाही.

आता मोजला. कंपनीला नाही म्हटलं. पुण्याच्या मालकाला फोन केला आणि आयुष्यात केली नसेल अशी घासाघीस केली, फक्त उलट्या बाजूने. तो म्हणाला, "तुम्ही नक्की कोणाकडून बोलताय? माझ्याकडून की भाडेकरूकडून?" प्रश्न बरोबर होता. मी त्याचा माणूस, आणि त्याचं नुकसान करत होतो. मी म्हटलं, "साहेब, माझे मामा आहेत." तो नरमला. म्हणजे एकाचं वाकडं नीट करायला दुसऱ्याशी तेच खोटं.

बाईंना सांगायला मी त्यांच्या कंपनीच्या गेटवर गेलो, अंबरनाथला. त्या म्हणाल्या, "तुमच्याकडून परत घर घ्यायचं?"

मी म्हटलं, "नका घेऊ. पण बघून ठेवा."

गेटकडे वळता वळता त्यांनी विचारलं, "संडास त्याच बाजूला?"

"त्याच. कडीसुद्धा तशीच लावून देतो."

"घेते," त्या म्हणाल्या. "दुसरीकडे कोण देणार आहे मला? पण तुम्ही वर यायचं नाही. गिझर बिघडला तर माणूस पाठवा. तुम्ही दिसलात की त्यांना गाडी आठवते."

सामान चढवलं त्या दिवशी मी खाली गेटपाशी थांबलो. नंतर मावशींनी सांगितलं, म्हातारे संडासला गेले, भिंतीला हात लावत, एकटे. कुठे काही चुकलं नाही. फक्त बाहेर आल्यावर खाटेवर न जाता दारापाशी गेले आणि पिशवी मांडीवर घेऊन बसले.

घर हललं ते त्यांना कळलंच नाही. गाव मात्र गेलं नाही. बाईंनी वडिलांचा डॉक्टर बदलला, गोळ्या बदलल्या. कधी चार दिवस बरे जातात, मग पुन्हा पिशवी. माणसाच्या डोक्यातून इतकं काही आपोआप निघून जातं, आणि मी घातलेलं तेवढं राहतं. हे मी कोणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. ती फक्त म्हणते, तुम्ही हल्ली कोणावर ओरडत नाही, बरं नाही का वाटत?

दुसरा मजला विकला गेला. डॉक्टर माझ्या गाळ्यात येऊन समोरच्या खुर्चीत बसला, चहा प्याला, दलाली दिली. मी घेतली. परत करावी असं मनात आलं, पण घेतली. त्याच्या मोबाईलवर माझं नाव आता काय आहे ते मला माहीत नाही, आणि बघावंसं वाटत नाही.

गेल्या रविवारी टाकीची मोटर बंद पडली म्हणून सेक्रेटरींनी बोलावलं. मी, ते आणि वॉचमन, तिघे खाली पंपापाशी उभे होतो. वरून हाक आली, "भाच्या!" तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीत म्हातारे जाळीला धरून उभे होते. "गाडी आली का रे?"

मी मान खाली घालून पंपाकडे वळलो.

सेक्रेटरी म्हणाले, "अहो, मामा बोलावतायत."

"हो. हे झालं की बघतो."

"परवाही हाका मारत होते, तुम्ही गेटवरूनच परत गेलात. वॉचमन सांगत होता."

"कामात होतो."

"कसली कामं हो? वर जायला दोन मिनिटं लागतात. म्हातारा माणूस रोज गाडी-गाडी करतो. कधी बसवून फिरवून आणलंत तरी काय बिघडेल? भाडेकरू म्हणून आणले असते तर एक वेळ समजलो असतो. सख्खे मामा ना तुमचे?"

एरवी या माणसाने एवढं ऐकवलं असतं तर मी त्याच्या आवाजाच्या वर आवाज नेला असता. उत्तर माझ्याकडे होतं, एका वाक्याचं: ते माझे मामा नाहीत. ते म्हटलं की मी सुटलो असतो. आणि म्हटलं की संध्याकाळी सेक्रेटरी तिसऱ्या मजल्यावर जाणार, खोटं सांगून राहता म्हणणार, सोसायटीची परवानगी काढून घेणार, पुण्याचा मालक मला विचारणार, आणि म्हाताऱ्याला पुन्हा कुठल्यातरी घरात पहिल्यापासून भिंत शोधावी लागणार.

"तुमचं बरोबर आहे, साहेब," मी म्हटलं.

वर बाई बाल्कनीत आल्या. त्यांनी वडिलांच्या हातावरचा जाळीचा गंज पदराने पुसला, खाली एकदा बघितलं आणि त्यांना आत नेलं. दार लावल्याचा आवाज आला.

"रक्ताची माणसं अशी," सेक्रेटरी वॉचमनला म्हणाले, मला ऐकू जाईल इतक्या आवाजात. वॉचमन हसला नाही, मान हलवली. मी टाकीचं झाकण उघडलं आणि गुडघ्यावर बसून पाणी किती आहे ते बघत राहिलो. पाणी पुरेसं होतं. दोघे काही बोलायचे थांबेपर्यंत मी तसाच बसलो.